ब्रेक दाबा, मग फूटपट्टी लावा

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यासमोर गेल्या जूनमध्ये मी अर्धा तास विचित्र अवस्थेत पडून होतो. डोकं पेडलांपाशी, कंबर सीटवर, पाय दाराबाहेर. गाडी मित्राची. दोन दरवाज्यांची, हाताने गिअर टाकायची, दहा-बारा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार, एमएच-०४ पासिंगची. मालक तिला पावसात भिजू द्यायलाही तयार नसतो. त्याने हौसेने ॲल्युमिनियमची चकचकीत पेडल कव्हरं मागवली आणि एका दुकानात दहा मिनिटांत बसवून घेतली. तिसऱ्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला क्लच दाबताना कव्हर गर्रकन फिरलं आणि बुटाची कड त्याखाली अडकली. गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तेवढ्यावर निभावलं. फिरलेलं कव्हर ब्रेकचं असतं तर काय झालं असतं, यावर आम्ही दोघं बोललो नाही. कव्हरं काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

घोळ मुळात नावापासून आहे. ‘स्पोर्ट्स पेडल’ म्हणून बाजारात तीन निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली ‘युनिव्हर्सल’ कव्हरं. पातळ पत्रा, मागे वाकवलेल्या पकडी, मूळ रबरावरूनच चढवायचं आणि स्क्रू आवळायचे. कुठल्याही गाडीला बसतात असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कुठल्याच गाडीला नीट बसत नाहीत असा घ्यावा. रबर दबतं, पकड सैल होते, कव्हर फिरतं. दुसरी वस्तू म्हणजे ठरावीक मॉडेलच्या मापाची कव्हरं. ती मूळ रबर काढून त्याच जागी बसतात किंवा पेडलच्या पत्र्याला भोकं पाडून नट-बोल्टने आवळली जातात. तिसरा अख्खा पेडल बॉक्स, म्हणजे रेसच्या गाडीचं सामान. त्यात पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारे पंप असतात, दोघांमधला वाटा कमी-जास्त करायला दांडी असते आणि बहुतेक वेळा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतो. ज्याला गाडी घेऊन रोज घोडबंदर रोडवरून घरी जायचंय त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इथून पुढचं सगळं दुसऱ्या वस्तूबद्दल आहे.

बदलायची कशाला, हे आधी स्वतःला विचारावं. ‘दिसतं भारी’ हे उत्तर मला चालतं. फक्त तेवढंच कारण असेल तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीने धातूची पेडलं दिली आहेत का ते बघा आणि पार्ट नंबर जुळत असेल तर तीच घ्या. माप कंपनीचं, बसवणं सोपं, डोक्याला ताप नाही. बाहेरची पेडलं घ्यायला खरं कारण एकच आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यातलं अंतर तुमच्या पायाला जुळत नाही.

ते का जुळावं लागतं? नाशिकहून येताना कसारा घाट उतरतोय असं समजा. वळण आलं, ब्रेक दाबला, आता तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचंय. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४ आणि दुसऱ्याचं २.० धरू. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला साधारण ४,३०० फेरे घ्यावे लागतील. क्लच दाबून गिअर टाकला आणि तसाच क्लच सोडला, तर हे १,३०० फेरे इंजिनाला कोण देणार? चाकं देणार, तीही एका हिसक्यात. मागची चाकं ओढणारी गाडी असेल आणि रस्ता ओला असेल, तर या हिसक्यात मागची बाजू सरकू शकते. म्हणून जाणता चालक क्लच सोडण्याआधी एक हलकी रेस देतो. इंजिन वर येतं, गिअर अलगद बसतो.

अडचण अशी की डावा पाय क्लचवर आहे आणि उजवा ब्रेकवर. कामं तीन, पाय दोन. त्यावर तोड म्हणजे उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या उजव्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची. याला ‘हील अँड टो’ म्हणतात. नावात टाच असली तरी आजच्या बहुतेक गाड्यांत टाच वापरावी लागत नाही, पाऊल थोडं कलतं केलं की भागतं. जुन्या काही गाड्यांत ॲक्सिलरेटर इतका खाली असे की टाच वळवल्याशिवाय इलाज नव्हता. तशी तीन पेडलांची ही मांडणीही काही देवाने दिलेली नाही. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं होतं आणि रेस हाताने द्यायची होती. आजची रचना १९१६ च्या एका कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा आली आणि पुढे सगळ्यांनी उचलली.

काही नव्या मॅन्युअल गाड्या ही रेस स्वतःच देतात. २००९ मॉडेलच्या निसान ३७०झेडने हे पहिल्यांदा केलं. तुमच्या गाडीत ही सोय असेल आणि तुम्ही ती चालू ठेवत असाल, तर पेडल बदलण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं. ऑटोमॅटिक असेल तर सगळंच. तिथे फक्त देखणेपणा उरतो.

आता मापाकडे येऊ, कारण सगळी मेख इथे आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही. लोक काय करतात, तर गाडी बंद असताना खाली वाकून बघतात. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा बराच वर दिसतो. मग ‘अरे, केवढा फरक आहे’ म्हणून ॲक्सिलरेटरच्या कव्हरखाली जाड स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे तुकडे घालून दोन्ही एका पातळीत आणतात. हे चूक आहे. रेस द्यायची ती ब्रेक दाबलेला असताना, त्यामुळे फरक मोजायचा तोही ब्रेक दाबूनच. आणि इंजिन चालू ठेवून. ब्रेकचा बूस्टर बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद करून दोन-तीनदा पेडल दाबलं की ते दगडासारखं होतं आणि त्यावर घेतलेलं माप खोटं निघतं.

आम्ही असं केलं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गाळ्याचं शटर वर आणि गाडीचं तोंड आतल्या भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे, म्हणजे धूर बाहेर जाईल. मित्र सीटवर बसला आणि खऱ्या ब्रेकिंगच्या जोराने पेडल दाबून थांबला. मी खाली फूटपट्टी घेऊन. पाय न लावता ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा ५२ मिलिमीटर वर होता. दाबल्यावर ३१ उरले. म्हणजे उघड्या डोळ्यांना जे पाच सेंटिमीटर दिसत होतं, ते कामाच्या वेळी तीनच होतं. आम्ही ठरवलं, ॲक्सिलरेटर १५ मिलिमीटर वर घ्यायचा. दाबलेल्या अवस्थेत १६ चा फरक राहतो आणि मित्राच्या पायाला तो पुरला. तुमच्या पायाला किती लागेल ते तुमचा पाय सांगेल. कागदी पुठ्ठ्याचे तुकडे दोऱ्याने बांधून उभ्या गाडीत, इंजिन बंद करून पाय कसा वळतो ते आधी बघा, मगच पैसे खर्च करा.

एक मर्यादा मात्र ओलांडायची नाही. ब्रेक अगदी जीव खाऊन दाबला तरी ॲक्सिलरेटरचं तोंड त्याच्यापेक्षा खालीच राहिलं पाहिजे. कारण रस्त्यात कुत्रं आडवं आलं की पाय मोजूनमापून पडत नाही, जसा जमेल तसा पडतो. दोन्ही एका पातळीत असतील तर दोन्ही दाबले जातात. यात आणखी एक गंमत आहे. सिग्नलला हलका ब्रेक लावताना पेडल जेमतेम एक सेंटिमीटर खाली जातं, तेव्हा फरक मोठाच राहतो आणि रेस द्यायला पाय पोचत नाही. त्या वेळी पोचावं म्हणून ॲक्सिलरेटर आणखी वर घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. तीन हात नाक्यावर हील अँड टो करून कोणाला दाखवायचंय?

आडवं अंतरही बघायचं. ब्रेकची उजवी कड आणि ॲक्सिलरेटरची डावी कड यांच्यात पाऊल कलतं करून पोचता आलं पाहिजे, पण सरळ ब्रेकवर ठेवलेल्या बुटाने ॲक्सिलरेटरला शिवता कामा नये. हे माप रेसिंगच्या अरुंद बुटावर घेऊ नका. घरातला सगळ्यात रुंद बूट काढा. मित्र पावसाळ्यात जाड तळव्याच्या सँडलवर गाडी चालवतो, म्हणून आम्ही त्याच सँडलवर मोजलं. जवळची पेडलं किती महागात पडतात याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९८० च्या दशकात ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते अशा तक्रारींनी तिथे गदारोळ झाला. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा खात्याने निष्कर्ष काढला की चालकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता आणि पेडलांची मांडणी त्या चुकीला हातभार लावणारी होती. चूक माणसाची, पण तिला वाट करून दिली मांडणीने. आपण स्पेसर घालतो तेव्हा तीच वाट रुंद करत नाही ना, एवढं बघायचं.

वर घ्यायचा तो ॲक्सिलरेटर. ब्रेकखाली स्पेसर कधीच नाही. ब्रेक उंचावला की ॲक्सिलरेटरवरून तिथे यायला पाय जास्त उचलावा लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय उचलण्यात सेकंदाचा दहावा हिस्सा वाढला, तर ब्रेक लागायच्या आत दोन मीटर गेले. ब्रेकवरचं कव्हर शक्य तितकं पातळ आणि मूळ रबराएवढ्याच मापाचं असावं. खाली लोंबणारं तर नकोच. ब्रेकचं पेडल म्हणजे तरफ. टेकूपासून पायापर्यंत २८० मिलिमीटर आणि टेकूपासून आतल्या दांडीपर्यंत ७० असेल, तर पायाचा जोर चौपट होतो. कव्हर २० मिलिमीटर खाली आलं आणि पाय तिथे पडू लागला, तर जोर सव्वाचार पटीच्या थोडा वर जातो आणि तेवढंच ब्रेक लावायला पेडल सात टक्के जास्त खोल न्यावं लागतं. आकडा लहान वाटेल. पण वर्षानुवर्षं पायाला बसलेली सवय अशी न सांगता बदलते, आणि ती बदलल्याचं कळतं ते ऐनवेळी.

धातू कोणता, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते वाद फुकट आहे. ॲल्युमिनियम हलकं, स्टील टिकाऊ, पायाला दोन्ही सारखीच. बघायचं ते पृष्ठभागाकडे. नुसतं घोटीव, भोकं पाडलेलं ॲल्युमिनियम कोरड्या बुटाला ठीक असतं, पण आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीत बसणारा प्रत्येक बूट ओला असतो. ठाण्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि हे सामान विकणाऱ्या फोटोत तो कधी दिसत नाही. वर उठलेले रबराचे गोळे हवेत आणि ते पत्र्यामागून ओवलेले असावेत. वरून चिकटवलेले एका पावसाळ्यात निघतात. मग वाशीच्या उघड्या पार्किंगमध्ये मे महिन्यात दुपारभर तापलेल्या पेडलवर अनवाणी पाय ठेवून बघा, रबर कशासाठी ते पुन्हा कळेल.

ॲक्सिलरेटर दोन प्रकारचे असतात, वरून लटकणारा आणि जमिनीला बिजागरीने जोडलेला. दुसरा पोर्शे, बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत दिसतो. जमिनीच्या पेडलला फक्त त्याच्याच मापाचं कव्हर लागतं. लटकणाऱ्याला धोका खालच्या टोकाचा. कव्हर मूळ पेडलपेक्षा लांब असेल तर पूर्ण दाबल्यावर ते गालिच्यात किंवा मॅटमध्ये रुततं, आणि अडकलं तर वर येत नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्ससच्या अपघातात चार जण दगावले. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट होती, ती हुकात अडकवलेली नव्हती आणि तिने ॲक्सिलरेटर धरून ठेवला होता. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या. उपायांपैकी एक काय होता? ॲक्सिलरेटरचं पेडल खालून कापून आखूड करणं. बाजारातलं लांब कव्हर लावणारा माणूस स्वतःच्या पैशाने नेमकं याच्या उलट करत असतो. पाण्याचे टब म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या खोलगट मॅट स्पोर्ट्स कारमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला मी तरी घालत नाही.

बसवताना पहिलं काम ॲक्सिलरेटर बाहेर काढायचं. आजच्या गाड्यांत तो केबलवर नाही, विजेच्या वायरवर चालतो. पेडलच्या आत दोन सेन्सर असतात आणि दोघांचे आकडे जुळले तरच कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. काढायला साधारण दोन-तीन नट आणि एक प्लग असतो. चावी बंद करून काढा, नाहीतर डॅशवर दिवा पेटतो. पेडल जागेवर ठेवून त्याला ड्रिल लावू नका. धातूचा कीस प्लगमध्ये जातो, आणि तो काढताना माझ्यासारखं उलटं लटकावं लागतं. ॲक्सिलरेटरचा हात बहुतेक प्लास्टिकचा असतो, त्यामुळे बोल्ट आवळताना ‘अजून थोडं’ हा मोह टाळा. आधी एक कट्‌ असा बारीक आवाज येतो, मग नवीन पेडलचं बिल.

आमच्या १५ मिलिमीटरच्या स्पेसरसाठी बाजारात काही मिळेना. वागळे इस्टेटमधल्याच एका लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियमच्या सळईचे चार तुकडे करून दिले. ‘लांबी चारीची सारखी ठेवतो, नाहीतर पट्टी डुगडुगेल,’ म्हणाले आणि व्हर्निअर लावून दाखवलंसुद्धा. बोल्ट चपट्या डोक्याचे, पत्र्यात बुडणारे, म्हणजे बूट अडकत नाही. मागून नायलॉनवाला लॉकनट. जिथे लॉकनट बसत नाही तिथे निळा थ्रेड लॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लाल नाही, कारण लाल लावलेला बोल्ट पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि प्लास्टिक गरम करून चालत नाही. मागे उरलेलं बोल्टचं शेपूट कापून घासून घ्यायचं. ब्रेकच्या पत्र्याला भोक पाडायची वेळ आली तर ते दांडीच्या वेल्डिंगपासून लांब. आम्ही पाडलंच नाही. मूळ रबराच्या जागी बसणारं कव्हर मिळेपर्यंत तीन आठवडे थांबलो.

मग तपासणी. क्लच तळापर्यंत जातो का ते बघा. जाड कव्हर गालिच्याला आधीच टेकलं तर गिअर करकरतात, काही गाड्या तर स्टार्टच होत नाहीत. ब्रेकखाली जमिनीपर्यंत सगळं मोकळं हवं. हे वरवर निरर्थक वाटतं, कारण ब्रेक कधी एवढा खाली जात नाही. पण गाडीच्या ब्रेकचे दोन वेगळे सर्किट असतात. एक फुटलं तर दुसरं काम करतं, मात्र त्यासाठी पेडल नेहमीपेक्षा खूप खोल जावं लागतं. त्या दिवशी खाली टाच टेकायला लावलेला शोभिवंत पत्रा आडवा असेल तर उरलेलं सर्किटही उपयोगाचं नाही. शेवटी रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा आणि पाय काढा. भिंतीवर लाल उजेड राहिला तर नव्या कव्हरच्या वजनाने ब्रेक किंचित दबलेला आहे. म्हणजे तुम्ही पाम बीच रोडभर ब्रेक लाइट लावून फिरणार आणि मागच्याला तुमचा खरा ब्रेक कळणार नाही.

आरटीओचं काय, हा प्रश्न हमखास येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकातल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. पेडलवरच्या कव्हरची नोंद आरसीत नसते. अख्खा पेडल बॉक्स किंवा ब्रेकची रचना बदलणं हा मात्र फार वेगळा विषय आहे. विमा कंपनीला बदल कळवून लेखी उत्तर घेतलेलं बरं. एक मेल लागतो.

ॲक्सिलरेटर उंचावल्यावर सीटही सरकवावी लागते, हे आम्ही विसरलो होतो. मित्राचा गुडघा स्टिअरिंगला लागू लागला. सीट एक खाच मागे घेतली, मग स्टिअरिंग लांब वाटलं, ते पुढे ओढलं. असं करता करता अर्धा रविवार गेला. पहिले काही दिवस तो फक्त घर ते ऑफिस, कासारवडवली ते ऐरोली, एवढंच गेला, घाटाचं नाव काढलं नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर पाना घेऊन पुन्हा गाळ्यावर आलो. अकरा नट जसेच्या तसे होते. ॲक्सिलरेटरचा खालचा डावा मात्र पाव फेरा फिरला.